महारेराची एजंट नोंदणी: परीक्षेपेक्षा नाव सांभाळा

तहसीलसमोरच्या हॉटेलावर बसलं की कोणीतरी सांगतंच, "प्लॉटच दाखवायचेत, त्याला कसला आलाय परवाना?" त्याचं ऐकू नका. फक्त शेतजमिनीचे सौदे करत असाल तर गोष्ट वेगळी. पण महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवलेल्या प्रकल्पातला एक फ्लॅट किंवा एक प्लॉट जरी कमिशनवर दाखवायचा असेल, तरी २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आधी तुमची स्वतःची नोंदणी हवी. ती नसेल तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे दलाली किती टक्के मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

आधी प्रशिक्षण, २० तासांचं. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थांची यादी संकेतस्थळावर आहे, त्यातलीच संस्था निवडा. मग संगणकावर परीक्षा, पर्याय निवडायचे असतात. रेरा कायद्याची कलम ३, ९, १०, १३, १८ आणि चटई क्षेत्राची (कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) व्याख्या नीट वाचली तर घाबरण्यासारखं काही नाही. २०२३ पासून हे प्रमाणपत्र असल्याशिवाय नवी नोंदणी होत नाही.

खरी अडचण पुढे येते, आणि तिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. ती म्हणजे नाव.

मी लातूरला काम करतो. माझ्या आधारवर वडिलांच्या नावापुढे 'राव' होतं, पॅनवर नव्हतं. प्रशिक्षणाचा फॉर्म मी घाईत भरला आणि नुसतं नाव-आडनाव टाकलं. परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र आलं, आणि तीन कागदांवर तीन वेगळी माणसं उभी राहिली. अर्जात त्रुटी निघाली. एकाने सांगितलं म्हणून शंभराच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र करून जोडलं, तर पुन्हा तीच त्रुटी. शेवटी आधार दुरुस्त करून घेतलं, प्रमाणपत्रावरचं नाव बदलून मागितलं, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. यात दोन महिने गेले, आणि दसरा-दिवाळीतले सौदे दुसऱ्यांनी केले.

म्हणून प्रशिक्षणाचा फॉर्म भरण्याआधी पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंगही बघा. 'गवळी'त एका कागदावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू' असेल तर आजच दुरुस्ती करा. माझं मत पक्कं आहे: पॅन मूळ धरायचं आणि बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्यायचं. प्रतिज्ञापत्राने भागतं असं सांगणाऱ्याला विचारा, त्याचं स्वतःचं भागलं होतं का.

धंद्याच्या पत्त्याचंही तसंच. आपल्याकडे वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं. गाळा भाड्याचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करा. लेटरहेड, शिक्का आणि पावतीचा नमुनाही जोडावा लागतो, म्हणून नाव ठरेपर्यंत शिक्का बनवायला टाकू नका. माझा 'राव'वाला शिक्का कोरा करकरीत खणात पडून आहे.

बाकी सोपं आहे. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फोटो, ऑनलाइन फी. व्यक्तीला १०,००० रुपये, फर्म किंवा कंपनीला १ लाख. नवीन माणसाने भागीदारी फर्मच्या भानगडीत पडू नये, स्वतःच्या नावावरच सुरू करावं. अर्ज २०२४ पासून महारेराच्या नव्या महाक्रिटी पोर्टलवर होतो, जुने व्हिडिओ बघून भरायला बसू नका.

'ए'ने सुरू होणारा क्रमांक मिळाला की तो बोर्डावर, पत्रकावर, व्हॉट्सॲपच्या जाहिरातीवर, सगळीकडे टाका. आणि बिगरनोंदणी ले-आऊटला हात लावू नका. रिंग रोडला एक एकर घेऊन वीस प्लॉट पाडलेला माणूस येतो, म्हणतो, "महारेराचा नंबर येतोच आहे, तोवर इसार घेऊन ठेवा." जागा ५०० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वर आणि प्लॉट आठापेक्षा जास्त असतील, तर नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही, बुकिंग तर लांबच. कलम १० प्रमाणे असा प्लॉट विकून देणारा एजंटही अडकतो. मी गिऱ्हाईक समोर बसवून प्रकल्पाचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि माहिती उघडली तरच पुढे बोलतो. नोंदणी असलेल्या प्रकल्पातही करारनामा नोंदवण्याआधी विकासकाला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे गिऱ्हाइकाला तिथेच सांगतो. पंधरा वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे असतात ते. प्रत्येक सौद्याची पावती आणि हिशेबाची वही जपून ठेवा, कायदा ती मागतो.

नोंदणी ५ वर्षं चालते. पण मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका: २०२४ मध्ये प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसल्यामुळे सुमारे २० हजार जुन्या एजंटांची नोंदणी स्थगित झाली. नूतनीकरणाची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि तीन महिने आधी कागद काढायला घ्या. अर्जात मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या. माझ्या ओळखीच्या एकाने नेट कॅफेवाल्याचा ईमेल दिला होता. त्रुटीचा निरोप तिकडेच गेला, आणि याला कळलं तेव्हा मुदत संपून महिना झाला होता.