पावसाळ्यात मॉडेलवर आलेला दुधट थर: माझा अनुभव

म्हापशात जुलैमध्ये 1:35 प्रमाणातल्या टी-55 रणगाड्याच्या मॉडेलवर मॅट (बिनचमकीचं) लॅकर मारलं आणि ऑलिव्ह ग्रीन रंग दुधट झाला. टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) कमी, इंजिनाच्या जाळीत आणि चाकांमागे जास्त. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या थरातच अडकतो, म्हणून असं होतं.

हा थर काढायला पॉलिशपेपर अजिबात लावू नये, कडेचे रिव्हेट जातात. एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनमध्ये) लॅकर न घालता नुसतं रिटार्डरवालं, म्हणजे हळू उडणारं, लेव्हलिंग थिनर घ्यायचं. 0.3 मिमीचं नोझल, 12 ते 15 पीएसआय दाब, साधारण 15 सेंमी अंतर. पृष्ठभाग जेमतेम ओलसर दिसेल इतकंच मारून 10 मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात. थर पुन्हा विरघळतो, आतलं पाणी निघून जातं आणि रंग वर येतो. ओघळ दिसला तर लगेच थांबायचं. खाली अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर आधी हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) तळाला करून बघावं, कारण हे थिनर रंग उचलू शकतं.

बोटाला पावडर लागत असेल तर मात्र दोष ओलाव्याचा नाही. लॅकरच्या बाटलीच्या तळाला मॅटिंग पावडर (चमक मारणारी पूड) बसलेली असते. तिथे अ‍ॅक्रिलिक ग्लॉसचा एक हात द्यावा आणि बाटली नीट ढवळून पुन्हा मॅट मारावं.

खोलीचा एसी तासभर ड्राय मोडवर ठेवून आर्द्रता 60 टक्क्यांखाली आल्यावरच लॅकर मारावं. कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) आपल्याकडे पटकन भरतो, तो दर वेळी आधी रिकामा करावा.