विद्यापीठाच्या सायकल शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

दर वर्षी ऑगस्टमध्ये पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरहून ईशान्य अमेरिकेत शिकायला आलेल्यांपैकी एकदोघे तरी मला विचारतात की, आम्ही भारतात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या) पूर्ण केल्या आहेत, तर इथल्या विद्यापीठाच्या संघातून शर्यतीत उतरता येईल का. मी स्वतः पदव्युत्तर शिक्षणासाठी इथे आलो तेव्हा हाच प्रश्न घेऊन सायकल क्लबच्या पहिल्या बैठकीला गेलो होतो. उतरता येते, आणि अवश्य उतरावे, हे माझे उत्तर आहे. मात्र दूरवर सायकल चालवता येणे आणि शर्यतीत टिकणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे कौशल्य मार्चमध्ये पहिल्या शर्यतीच्या रेषेवर उभे राहून शिकता येत नाही, एवढे आधी समजून घ्यावे.

पात्रतेची बाब सोपी आहे. विद्यापीठीय रस्ता-शर्यती एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या अखत्यारीत येत नाहीत; त्या ‘यूएसए सायकलिंग’ या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली होतात. त्यामुळे केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांनाच खेळता येते असे नाही, तर एमएस आणि पीएचडी करणाऱ्यांनाही आपल्या विद्यापीठाच्या जर्सीत उतरता येते. देशभरातील विद्यापीठे प्रादेशिक परिषदांमध्ये विभागलेली आहेत. आमच्या भागातील परिषदेचे नाव ‘ईस्टर्न कॉलेजिएट सायकलिंग कॉन्फरन्स’ असे असून रटगर्स, येल, डार्टमथ, एमआयटी अशा अनेक विद्यापीठांचे क्लब तिच्यात आहेत. रस्त्याचा हंगाम साधारण मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपतो आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा होते. परवाना ऑनलाइन काढावा लागतो आणि प्रत्येक शर्यतीची नोंदणी वेगळी करावी लागते. या कामांना अर्धा तास पुरतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

हंगाम मार्चमध्ये असला तरी क्लबमध्ये सप्टेंबरमध्येच जावे. शरद ऋतूत हवा चांगली असते आणि रस्ते कोरडे असतात. शिवाय त्या दिवसांत जुने सभासद नवीन मंडळींना सोबत घेऊन निवांत वेगाने फिरतात, आणि घोळक्यात सायकल कशी चालवायची हे शिकण्याचे तेच दिवस असतात. डिसेंबरनंतर बर्फ आणि तो वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकलेले मीठ यांमुळे बहुतेकांचा सराव खोलीतल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा यंत्रावर, होतो. त्यातून पायांत ताकद येते, पण शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्यापासून वीतभर अंतरावर असताना शांत राहण्याची सवय त्यातून होत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. संघाच्या कपड्यांची मागणी बहुधा थंडी संपण्याआधीच नोंदवली जाते, आणि क्लबकडे उसन्या देण्यासाठी असलेल्या सायकली आधी विचारणाऱ्यालाच मिळतात. पहिल्या वर्षी नवी कार्बनची सायकल विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवी घेऊन गाव सोडणारे विद्यार्थी मे महिन्यात चांगल्या सायकली वाजवी किमतीत विकतात, आणि तोपर्यंत हा खेळ आपल्याला झेपतो की नाही हेही कळलेले असते.

सायकल उसनी असो वा विकत घेतलेली, भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तर अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो. मला हे ठाऊक नव्हते. वाहनतळावरच्या पहिल्या सरावात मागचा ब्रेक समजून मी डावा हात दाबला आणि हँडलवरून पुढे जाऊन पडलो. कोपर सोलण्यावर निभावले, पण तीच चूक घोळक्यात झाली असती तर माझ्यामागचे पाचसहा जण माझ्यावर आले असते. ज्यांना सवय बदलणे जड जाते त्यांनी दुरुस्तीच्या दुकानातून ब्रेकच्या तारा आपल्या पद्धतीने बदलून घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही. वाहतूक उजव्या बाजूने असल्यामुळे मागे वळून पाहायचे तेही डाव्या खांद्यावरून, आणि ही सवय अंगवळणी पडायला मला सायकल चालवण्याच्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक दिवस लागले.

आता ब्रेव्हे आणि शर्यत यांतील फरकाकडे वळतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरचीही सरासरी लागत नाही. इथल्या सर्वांत खालच्या गटाची शर्यत जेमतेम तासभर चालत असली, तरी सपाट रस्त्यावर तिचा वेग तीसच्या बराच पुढे राहतो. या वेगाला आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. पुढच्या सायकलस्वाराच्या चाकामागे हातभर अंतराने राहिल्यास त्यातील पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. त्यामुळे घोळक्याच्या आडोशाला असलेला मध्यम ताकदीचा सायकलस्वार टिकून राहतो, आणि त्याच्यापेक्षा ताकदवान असूनही दहाबारा मीटर मागे पडलेला सायकलस्वार एकट्याने वारा खात काही मिनिटांत दिसेनासा होतो. माझ्या पहिल्या शर्यतीत मी दुसऱ्याच चढावर असाच सुटलो. पाय थकलेले नव्हते; समोरच्या चाकाच्या इतके जवळ जायची भीती वाटल्याने मीच फट पडू दिली होती.

भीती कमी करण्याचे उपाय ठरलेले आहेत. नजर समोरच्याच्या मागच्या चाकावर खिळवून ठेवू नये. त्याच्या खांद्यांवरून पलीकडे तीनचार जणांच्या हालचाली दिसतील अशी ठेवावी. आपले पुढचे चाक कोणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊन तिथेच रेंगाळू नये, कारण तो सायकलस्वार किंचित जरी सरकला तरी चाकाला चाक घासते आणि पडतो तो मागचाच. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये, आणि ज्या रेषेने वळणात शिरलो त्याच रेषेने बाहेर पडावे. हे वाचून समजते, पण हाताला मात्र संघासोबत केलेल्या फेऱ्यांतूनच कळते. बऱ्याच ठिकाणी नवख्यांसाठी वेगळा गट ठेवलेला असतो आणि शर्यतीआधी अनुभवी सायकलस्वार त्यांचा वर्ग घेतात. तो वर्ग चुकवू नये. गट ए, बी, सी, डी असे उतरत्या क्रमाने असतात. आपण ब्रेव्हे केल्या आहेत म्हणून थेट वरच्या गटात नाव घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि अशांपैकी बहुतेकांच्या पहिल्या शनिवारचा उत्तरार्ध रस्त्यावर एकट्याने जातो.

शनिवार-रविवार मिळून सहसा दोन-तीन प्रकारच्या शर्यती होतात. रस्ता-शर्यत गावाबाहेरच्या मोठ्या फेऱ्यांवर असते. पुढे आणि मागे गाड्या असल्या तरी समोरून येणारी वाहतूक अनेकदा बंद केलेली नसते. म्हणून रस्त्यामधील पिवळी रेषा ओलांडणे हा गंभीर गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी थेट बाद केले जाते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना चढाची भीती नसते. उतारावर मात्र समोर मोकळा रस्ता दिसला की आपला हात आपोआप डावीकडे वळतो, आणि पिवळी रेषा नेमकी तिथेच असते. सांघिक वेळ-शर्यतीत चौघे आळीपाळीने पुढे राहून वारा कापतात आणि संघाची वेळ बहुधा तिसऱ्या सायकलस्वाराने रेषा ओलांडल्यावर धरली जाते. म्हणून पहिल्याने कितीही जोर लावला तरी तिसरा मागे सुटल्यास त्याचा उपयोग होत नाही. नवीन आलेल्याला संघात मिसळून घेणारा याहून चांगला प्रकार मला माहीत नाही. संघ अपुरा पडत असेल तर न लाजता आपले नाव सुचवावे.

क्रायटेरियम हा प्रकार मात्र नीट समजून घ्यावा लागतो. एखाद्या उद्योगवसाहतीतील किंवा विद्यापीठाच्या आवारातील किलोमीटरभराच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास गोल गोल फिरायचे, असे त्याचे वरवरचे रूप आहे. प्रत्येक वळणाशी पुढचे किंचित मंदावतात आणि वळण संपताच वेग घेतात. ही लाट मागे सरकत जाताना मोठी होत जाते. पहिल्या दहांत असलेला जवळजवळ एकसारख्या वेगाने जात असतो, तर शेवटचा प्रत्येक वळणाला ब्रेक दाबून पुन्हा जीव खाऊन पळत असतो. थोडक्यात, मागे राहून दम वाचवण्याची युक्ती इथे उलटी पडते. त्यासाठी सुरुवातीच्या रेषेवर वेळेआधी जाऊन पुढची जागा धरावी आणि शिट्टी झाल्यावर बुटाच्या तळाची क्लीट (खाच) पहिल्याच प्रयत्नात पॅडलमध्ये बसेल इतका सराव करून यावा. मध्येच घंटा वाजली की पुढची फेरी बक्षिसाची किंवा गुणांची आहे असे समजावे. त्या फेरीला ‘प्रीम’ म्हणतात. पंक्चर झाल्यास किंवा पडल्यास चाकांच्या तळापाशी (जिथे बदली चाके ठेवलेली असतात तिथे) जाऊन पंचांना दाखवावे. बिघाड खरा असेल तर एक फेरी माफ होते आणि घोळका पुन्हा आला की त्यात सोडले जाते. शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र ही सवलत मिळत नाही. फार मागे पडल्यावर पंच शिट्टी वाजवून बाहेर काढतात. तो अपमान समजू नये. मागून येणाऱ्या घोळक्याच्या मार्गात आपण येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

साहित्याच्या तपासणीत लोक क्षुल्लक कारणांवरून अडकतात. हँडलच्या नळीच्या दोन्ही टोकांना बुचे हवीत, आणि ती नसल्यास सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवतात. वेळ-शर्यतीसाठी वापरतात तसले पुढे निघालेले हँडल घोळक्याच्या शर्यतीत चालत नाही. भारतातून आणलेले हेल्मेट कितीही महाग असले तरी त्याच्या आतल्या बाजूला सीपीएससी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या सुरक्षा-प्रमाणाची चिठ्ठी आहे का ते पाहावे. नंबरचा कागद पाठीवर नेमका कोणत्या बाजूला लावायचा हे नोंदणीच्या टेबलावर सांगतात. तो चारच्या जागी आठ पिनांनी आणि एकमेकांच्या मदतीने लावून घ्यावा, नाहीतर वाऱ्याने फुगलेला कागद शर्यतभर पाठीवर फडफडत राहतो.

मार्चमधल्या सकाळी तापमान शून्याच्या आसपास असते, आणि आपल्याकडील लोकांचे याबाबतचे अंदाज दोन्ही दिशांना चुकतात. रेषेवर उभे असताना कुडकुडायला होते म्हणून जाड जाकीट घालून निघालेला चौथ्या किलोमीटरला घामाने भिजतो. बाह्या आणि गुडघे झाकणारी काढता येण्याजोगी पट्टी, चांगले हातमोजे आणि शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी हाती देता येईल असा जुना स्वेटर, एवढे पुरते. खिशात नेण्यासाठी मी अनेक प्रयोग केले. चिक्की थंडीत दातांना दाद देत नाही आणि लाडू जर्सीत भुगा होतो. बी काढलेले खजूर आणि लहान तुकडे करून गुंडाळलेली गुळाची पोळी मात्र उत्तम चालते. तासाभराच्या शर्यतीत खरे तर काही खाण्याची गरज पडत नाही. खाणे लागते ते दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत, आणि माळरानावरच्या वाहनतळावर शाकाहारी माणसाला काही मिळेलच याची खात्री नसते. रात्री मुक्कामी खिचडी करता यावी म्हणून मी छोटा राइस कुकर नेत असे. दुसऱ्या वर्षी निम्मा संघ त्यावर जेवू लागला.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात. मी मनगटी घड्याळावर विसंबून शांतपणे सायकल पुसत बसलो होतो आणि माझा गट माझ्याविना निघून गेला. बाकीच्यांचे फोन आपोआप पुढे गेले होते.

खर्च वाटून घेतला तर तो विद्यार्थ्याला झेपतो. क्लबची व्हॅन, एका खोलीत चौघे किंवा यजमान विद्यापीठातील कोणाच्या घरी जमिनीवर पथारी, अशी व्यवस्था असते. त्याच्या मोबदल्यात काम करावे लागते. या शर्यती विद्यार्थ्यांचे क्लबच भरवतात, त्यामुळे आपल्या क्लबची पाळी आली की पहाटे चौकात झेंडा घेऊन उभे राहणे, वळणांवरची वाळू झाडणे ही कामे प्रत्येकाच्या वाट्याला येतात. ती टाळणाऱ्याचे नाव लक्षात राहते. आरोग्य विम्यात क्लबच्या खेळांतील इजा वगळलेल्या नाहीत ना, हे हंगामाआधी वाचून घ्यावे. विद्यार्थी व्हिसावर असताना खुल्या शर्यतीत रोख बक्षीस मिळण्याची शक्यता असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावे. डोके आपटले असेल तर कितीही बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उतरू नये आणि ते हेल्मेट टाकून द्यावे.

पहिल्या वर्षी सगळ्या शनिवार-रविवारी जाण्याचा हट्ट धरू नये. तीन पुरेत, आणि त्यांतले दोन लागोपाठचे असावेत, म्हणजे पहिल्या वेळी कळलेल्या चुका आठवडाभरात विसरण्याआधी सुधारता येतात. नोंदणी बहुधा शर्यतीच्या काही दिवस आधीच बंद होते, म्हणून संघाच्या यादीत आपले नाव सोमवारीच घालावे. रविवारी रात्री कितीही उशीर झाला तरी रस्त्यावरच्या मिठाने माखलेली साखळी धुऊन, पुसून, तेल लावूनच झोपावे. सायकल उसनी असेल तर हे काम आधी आणि स्वतःची आंघोळ नंतर.