लॅपटॉपचं पुरुमेंत : वायफाय बंद पडण्याआधी भरून ठेवायची यादी

मे महिना लागला की गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. सोलं, सुक्या मिरच्या, कडधान्यं, सुकी मासळी असं पावसाळाभर पुरेल एवढं घरात येऊन पडतं. घरून काम करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या मुलांच्या परीक्षा, अर्ज, प्रवेश सगळं ऑनलाइन चालतं त्यांनी याच दिवसांत लॅपटॉपचंही पुरुमेंत भरून ठेवावं. वायफाय जोडलं जात नाही तेव्हा दुरुस्तीला जे जे लागतं ते नेमकं नेटवरच असतं. ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवर, राउटरचा पासवर्ड ईमेलमध्ये, ग्राहक क्रमांक ॲपमध्ये. वाळपईला किंवा काणकोणला मुसळधार पावसात दुकान गाठायची वेळ येण्यापेक्षा उन्हाळ्यातली एक दुपार यासाठी दिलेली बरी.

सुरुवात कागदापासून करा. त्यावर लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक हवा. झाकणावरचं मोठं नाव पुरत नाही, खालच्या बाजूच्या चिकटपट्टीवरचा बारीक अक्षरांतला क्रमांक लागतो. डेलवर तो सर्व्हिस टॅग म्हणून असतो, एचपीवर प्रॉडक्ट नंबर म्हणून. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कधी इंटेलचं वायफाय कार्ड असतं, कधी रिअलटेक किंवा मीडियाटेकचं, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली यंत्राच्या भागांची यादी) उघडून नेटवर्क अडॅप्टर्सखाली दिसणारं कार्डाचं नावही जसंच्या तसं लिहून घ्या. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांत इथे हमखास चूक होते, तेव्हा अशा अक्षरांखाली रेघ मारा. राउटरच्या मागच्या पट्टीवरचा त्याचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा तुमचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, आणि जोडणी पीपीपीओई पद्धतीची (म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड घालून सुरू होणारी) असेल तर तिचं यूजरनेम व पासवर्ड. हे शेवटचं फार महत्त्वाचं. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबली की तो कोरा होतो आणि ही माहिती पुसली जाते. वायफायचं नाव परत दिसतं, पण नेट येत नाही, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर अडकून बसतं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्याच कागदावर बिटलॉकरची ४८ अंकी चावी लिहा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं कुलूपबंद संरक्षण मालकाच्या नकळत सुरू असतं. वायफाय दुरुस्त करताना कोणी बायोसमधली (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) सेटिंगं बदलली तर यंत्र पुढच्या वेळी ही चावी मागू शकतं, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असली तरी नेटशिवाय वाचता येत नाही. कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पावसात चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, तिथे तो टिकत नाही.

आता वस्तू. फोनची यूएसबी तार हवी, पण डेटा जाणारी. स्वस्त तारांत कधीकधी फक्त चार्जिंगच्या दोनच तारा असतात. फोन चार्ज होतो आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही. अँड्रॉइड फोन या तारेने जोडून यूएसबी टिदरिंग सुरू केलं की लॅपटॉपला वायफाय कार्डाशिवायही नेट मिळतं, आणि विंडोजमध्ये त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. यादीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच. आयफोन असेल तर विंडोजला ॲपलचा ड्रायव्हर लागतो, तो आधीच टाकून एकदा चालवून बघा. दोन-तीन मीटरची कॅट ५ई किंवा कॅट ६ लॅन तार ठेवा, आणि लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टरही. एका पेनड्राइव्हमध्ये लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवलेले वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर, झिप सोडवून, नावासकट ठेवा. विंडोज नव्याने टाकायची पाळी आली तर सुरुवातीलाच नेट मागितलं जातं आणि कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर लोक तिथेच अडकतात. एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल घरात असावा. कार्ड खरोखर मेलं तर तेवढ्यावर महिनाभर काम निघतं.

राउटरसाठी वेगळा विचार करा, कारण पावसात आधी तोच त्रास देतो. वीज येत-जात राहिली की त्याचा अडॅप्टर हळूहळू कमजोर होतो. दिवे लागलेले दिसतात, पण राउटर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो आणि लॅपटॉप सुटतो. दोष लॅपटॉपचा वाटतो. अडॅप्टरवरचे आकडे वाचून ठेवा. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं मधलं टोक धन असल्याची खूण जुळायला हवी. त्याच व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस लावला तर वीज गेली तरी फायबरची जोडणी चालू राहते, लॅपटॉप तर बॅटरीवर असतोच. गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढा आणि लॅपटॉपमधली लॅन तारही. विजेचा झटका तारेवाटे आला तर लॅनचं पोर्ट जळतं, कधी मदरबोर्डही.

बिघाड आला की आधी तो कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. घरातला एक फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवर एखादं पान उघडा. डेटा बंद करायला विसरलात तर फोन गुपचूप सिमवरून पान दाखवतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. फोनवरही पान येत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका, फायबरच्या डब्याकडे जा. पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएसचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल तर प्रकाश आत येत नाही. माडाची झावळी पडून वरची तार तुटली असेल, किंवा घरातच फायबर कपाटामागे दुमडली असेल. हिरव्या टोकाची ती तार उपसून आत डोकावू नका, त्यात डोळ्यांना न दिसणारा लेझर असतो. थेट तक्रार नोंदवा आणि ‘एलओएस लाल आहे’ एवढं सांगा. त्या तीन शब्दांनी फोनवरची अर्धी प्रश्नोत्तरं वाचतात.

फोनवर नेट चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर (वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांतला एक पट्टा) ठेवा. आयफोनवर त्याला मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी म्हणतात. जोडल्याबरोबर ती जोडणी मीटर्ड (डेटा जपून वापरायची) करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसाचा डेटा खाऊन टाकतात. हॉटस्पॉटवर नेट आलं तर कार्ड आणि ड्रायव्हर धड आहेत, घोळ घरच्या राउटरशी जुळण्यात आहे. जुनी कार्डं फक्त २.४ पकडतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना वायफायचं नावच दिसत नाही. राउटर डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर ठेवला असेल तर अशा कार्डांना नाव दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी जोडणी नाकारली जाते. तिथे डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय निवडा. चॅनेल १२ किंवा १३ वर असलेला राउटरही काही लॅपटॉपना दिसत नाही, म्हणून २.४ साठी १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करून टाका. यानंतर लॅपटॉपवर ते नेटवर्क फर्गेट करून पासवर्ड नव्याने घाला.

जोडलं गेलंय पण नेट नाही, असं असेल तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच एक घेतला आहे. चवथीला मुंबई-पुण्याहून सगळा गोतावळा घरी आला की हे हमखास होतं. काही साध्या राउटरना एका वेळी ठरावीक उपकरणांचीच, कधी ३२ ची, मर्यादा घातलेली असते. माणसं बारा असली तरी फोन, टॅब, टीव्ही धरून आकडा पार होतो. चार-पाच नको असलेली उपकरणं सोडवा, राउटर बंद करून चालू करा, मग लॅपटॉप आधी जोडा. पत्ता ठीक असून पानं उघडत नसतील तर घड्याळ तपासा. लॅपटॉपच्या आतली सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइट सुरक्षेची चूक दाखवते. कामाचं व्हीपीएनही एकदा बंद करून बघा.

हॉटस्पॉटही जोडत नसेल, किंवा वायफायचं चिन्हच नाहीसं झालं असेल, तर दोष लॅपटॉपमध्ये. एअरप्लेनच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, आणि जुन्या यंत्रात कडेला असलेला सरकता खटका बंद नाही ना, हे दोन्ही पाहून रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, रीस्टार्टमध्ये होतं. मग डिव्हाइस मॅनेजर. कार्डावर पिवळी खूण किंवा खाली वळलेला बाण असेल तर आतला कोड वाचा: २२ म्हणजे कोणीतरी बंद केलंय, २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, १० म्हणजे कार्ड सुरूच होत नाही. कोड १० वर एक साधा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. झोपेतून उठताना अडकलेलं कार्ड यानं मोकळं होतं. त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक (आधीचा ड्रायव्हर परत आणणारं बटण) दाबा. ते फिकं असेल तर पेनड्राइव्हमधला ड्रायव्हर टाका. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन पुसले जातात. वरचा कागद इथे कामी येतो.

राउटरशेजारी नेट उत्तम आणि पलीकडच्या खोलीत शून्य, असं असेल तर आधी दुसऱ्या फोनवर तसंच होतंय का बघा. जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंती ५ गिगाहर्ट्झ अडवतात, ओल्या झाल्या की आणखी. राउटर वसरीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटावर ठेवण्यापेक्षा चौकाकडच्या खोलीत उंचावर ठेवा आणि लांबच्या खोलीत २.४ वापरा. फोन चालतोय आणि लॅपटॉपच नाही, तर कार्डावरची अँटेनाची तार सुटली असण्याची शक्यता मोठी, विशेषतः बॅटरी किंवा कीबोर्ड बदलल्यानंतर. कार्डावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा दाबून बसवलेल्या असतात. समुद्राकाठच्या घरांत त्यांच्या टोकांवर हिरवट थर धरतो. बॅटरीची जोडणी काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसता येतो. पण ही टोकं फार नाजूक असतात, पुन्हापुन्हा काढू नका. हात कापत असेल तर हे काम दुकानाकडेच द्या. कार्ड बदलायचं ठरलं तर नाव नीट वाचा: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं ठरावीक इंटेल यंत्रांतच चालतात, एएक्स२१० मात्र एम.२ खाचेच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये, एएमडी प्रोसेसरच्याही.

म्हापशाला किंवा मडगावला दुकानात नेण्याआधी डेटाची प्रत काढा, आणि वरच्या तपासण्यांत काय दिसलं ते चार ओळींत लिहून द्या: हॉटस्पॉट जोडतो की नाही, कोड कुठला, पत्ता कुठला. कार्ड बदललं तर जुनं मागून घ्या. पैसे देण्याआधी तिथेच लॅपटॉप तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि फोन काउंटरवर ठेवून दहा-बारा पावलं लांब जा. अँटेनाची तार नीट बसली नसेल तर तिथल्या तिथेच कळतं.