फोटोतलं फर्निचर खानदेशात आणताना या चुका टाळा

"भाऊ, अस्संच पाहिजे." मोबाईल माझ्या नाकासमोर धरलेला, फोटोत डेन्मार्क नाहीतर इटलीतली बैठकीची खोली, आणि गिऱ्हाईक धरणगावचं. जळगावात फर्निचरची कामं करता करता मला २२ वर्षं झाली. फोटो दाखवायला माझी ना नाही. नवे डिझायनर काय करतायत ते मीही रात्री जेवण झाल्यावर बघत बसतो. पण फोटोत ऊन दिसत नाही आणि कूलरही दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, खोलीत रात्रंदिवस कूलरची ओली हवा, कूलर बंद झाला की पावसाळा सुरू. लाकूड हे सगळं पितं आणि ओकतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते रिव्हर टेबलनं. अमेरिकेतल्या ग्रेग क्लासेन या कारागिराची ही टेबलं गाजली. दोन फळ्यांच्या झाडासारख्याच वेड्यावाकड्या कडा समोरासमोर आणायच्या आणि मधे निळी नदी. त्याची नदी काचेची असते, फळीच्या वळणाबरहुकूम कापलेली. लोकांनी काच सोडली आणि इपॉक्सी, म्हणजे दोन रसायनं मिसळली की घट्ट होणारा राळेसारखा द्रव, ओतायला घेतलं. काच कापायला हात बसलेला लागतो, ओतायला बादली पुरते.

पारोळ्याकडच्या एका आबांच्या मळ्यातला आंबा जूनच्या वादळात पडला. त्यांच्या वडिलांनी लावलेला, म्हणून नव्या घरात त्याचंच जेवणाचं टेबल हवं. कल्पना मला आवडली. पण वास्तुशांत पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे हातात १० महिने आणि फळी अडीच इंच जाड. उघड्यावर लाकूड वाळायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात. मी एकदा बोललो. आबा म्हणाले, "काही व्हत नही भाऊ, करी टाक." आणि मी केलं. यात आबांची चूक कमी, माझी जास्त.

एप्रिलमधली दुपार, वर पत्र्याची शेड. इपॉक्सीच्या डब्यावर एका थरात किती जाड ओतायचं ते छापलेलं असतं. माझ्याकडचं पातळ थरांचं होतं. रोज एक थर द्यायचा म्हटलं तर आखाजी हुकत होती, म्हणून मी सगळी दोन इंच एकदम भरली. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि जितकं एका जागी जास्त तितकं जास्त तापतं. वीसेक मिनिटांत आधी बारीक बुडबुडे आले, मग कडेनं पांढरा धूर. कामावरचं पोरगं ओरडत बाहेर पळालं. संध्याकाळी बघतो तर निळ्या नदीचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा हिरवट, आणि मधोमध तडा. सगळं खरवडून पुन्हा थराथरानं भरलं, रात्री जागून. आखाजीला टेबल चकाचक. पाहुण्यांनी फोटो काढले.

जूनमध्ये आबांच्या सूनबाईंचा फोन आला. ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसलं होतं आणि नदीनं काठ सोडला होता. पोस्टकार्ड जाईल एवढी फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनी रोज जेवणं झाली की डोक्याची पिन घेऊन त्यातली वरणातली डाळ काढत बसायच्या. मी समोर बसून ते पाहिलंय.

तेव्हापासून फळी आली की तिच्या कापलेल्या टोकांना जुना ऑइलपेंट फासतो, कारण टोकं आधी वाळतात आणि तिथंच भेगा पडतात. खडूनं तारीख टाकतो. सावलीत, मधे पट्ट्या घालून चवड रचतो. त्याच लाकडाचा एक तुकडा दर महिन्याला शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार, तोवर गिऱ्हाईक मंत्री असला तरी नाही. टेबलाचा वरचा तक्ता खालून कसताना स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, लाकडाला हलायला जागा लागते. एवढं थांबायचं नसेल त्यानं कडप्पा टाकून घ्यावा. तोही छान दिसतो.

दुसरं दुखणं चंदीगडच्या खुर्चीचं. चंदीगड शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं १९५० च्या दशकात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताची ही खुर्ची केली. पुढे त्या भंगारात निघाल्या, परदेशात लिलावात लाखोंना गेल्या, आणि आता प्रत्येक नव्या बंगल्याला दोन तरी हव्यातच. हव्यात तर घ्या. नवापूरकडचा साग आपल्या उशाशी आहे. पण त्या खुर्चीत वेत का आहे ते तरी विचारा. पाठीला वारा लागावा म्हणून! आपल्या हवेला याहून बरी बैठक खाटेचीच. आणि लोक काय करतात, तर वेत "टोचतो" म्हणून वर फोम आणि रेक्झिन ठोकतात. मे महिन्यात पाहुणा उठतो तेव्हा सदरा खुर्चीला चिकटून चर्र आवाज येतो. याहून वाईट म्हणजे तिरके पाय खिळ्यांनी जोडणारे मिस्त्री. त्या पायांवर माणसाचं सगळं वजन तिरकं येतं. खाच पाडून घट्ट बसवलेला सांधाच ते पेलतो, खिळा सहा महिन्यांत ढिला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा खुर्च्यांतल्या आठ खिळ्याच्या असतात. आणि हो, कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा वेतावर खालच्या बाजूनं पाण्याचा हलका फवारा मारा. कोरडा पडला की तो काडीसारखा तुटतो.

डिझायनर संदीप संगारू यांनी बांबूच्या चिरट्या पुलाच्या त्रिकोणी सांगाड्यासारख्या जोडून हलकं आणि मजबूत फर्निचर केलं. ते पाहून बांधावरचा बांबू तोडून आणू नका. त्यातल्या पिठावर भुंगा जगतो आणि वर्षभरात खाली पिवळी पूड पडते. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात आठवडाभर बुडवलेलाच बांबू घ्या.

पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, कपाट थेट फरशीवर ठेवू नका. रोज पोछा लागतो, तळ पापडासारखा फुगतो. खाली चार इंचाचे पाय द्या. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का दिसला म्हणून लगेच भुलू नका. मी कोपऱ्याचा तुकडा रात्रभर पाण्यात टाकतो, सकाळी थर सुटले तर माल परत.

मॅट काळा रंग? आपल्या धुळीत? दिवसातून तीनदा पुसायची हौस असेल तर करा.

जमिनीलगतचे बुटके सोफे तरुणांना शोभतात. घरात आजी असेल तर बैठक १७-१८ इंच उंच ठेवा, नाहीतर तिला उठवायला दोघं लागतात आणि ती पुन्हा बसतच नाही.

शेवटचं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त चुकणारं: दार मोजा. जिना मोजा, जिन्याचं वळण मोजा. अमळनेरच्या एका वाड्यात वरच्या मजल्यासाठी एल आकाराचा सोफा केला, अखंड, कारण मालकाला मधे जोड दिसायला नको होता. जिन्याच्या वळणावर तो अडकला तो अडकलाच. शेवटी गच्चीवरून दोर टाकून सहा माणसांनी ओढून घेतला, खिडकीची चौकट काढून. सोफा आत गेला. चौकट आजही नीट बसत नाही, पाऊस आत येतो, आणि नेमका सोफ्यावरच पडतो.