बीटी कपाशीतली गुलाबी बोंडअळी: पेरणीपासून पऱ्हाटी काढेपर्यंत

2002 साली बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, देशात परवानगी मिळाली तेव्हा कापूस उत्पादकांचा मोठा वैरी होती हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. तिच्यासाठी हंगामात पुन्हा पुन्हा फवारे मारायचे आणि तरी बोंडं पोखरलेलीच निघायची. बीटीनं तो खर्च आणि ते विष दोन्ही कमी केलं. हिरव्या अळीविरुद्ध हे बियाणं आजही बऱ्यापैकी चालतं. गुलाबी अळीनं मात्र आधी एका जनुकाच्या वाणाला दाद देणं सोडलं, मग 2006 साली आलेल्या दोन जनुकांच्या बोलगार्ड-2 लाही. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात अनेकांच्या हाती कवडीच, म्हणजे किडका, डागाळलेला कापूसच आला.

हे गुलाबी अळीच्याच बाबतीत का झालं? हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते, त्यामुळे बीटीची सवय नसलेले पतंग तिच्यात सतत मिसळत राहतात. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते. तिच्यातही असे पतंग मिसळावेत म्हणून कडेनं बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या. वेगळं दिलेलं 120 ग्रॅमचं पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकलं. आता ते बियाणं मुख्य पाकिटातच मिसळून येतं, हे बरं झालं, पण नुकसान होऊन गेल्यावर. त्यात आपल्याकडे संकरित वाणं आणि सहा-सात महिने उभं राहणारं पीक. संकरित झाडाच्या बोंडातल्या काही सरकीत बीटी जनुक उतरतच नाही, आणि अळी नेमकी तिथे पोसली जाते.

त्यामुळे वाण निवडताना सगळ्यात आधी कालावधी पाहा. 150 ते 160 दिवसांत संपणारं वाण घ्या. मोठ्या बोंडाच्या आणि लांबणाऱ्या वाणाच्या जाहिराती आकर्षक असतात, पण डिसेंबरनंतरची बोंडं बहुतेक अळीच्याच वाट्याला जातात. पक्की पावती, लॉट नंबर असलेलं पाकीट आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. तणनाशक सहन करणारं ‘चोर बीटी’ बिनपावतीचं मिळतं. उगवलं नाही, तर तक्रार कुठे करणार?

बागायत असली तरी मे महिन्यात लावण नको. जमिनीत आणि जुन्या सरकीत दडलेल्या अळ्यांचे पतंग पाऊस पडल्यावर निघतात. तेव्हा शेतात पाते (फुलाच्या कळ्या) आणि फुलं नसतील तर ती पिढी अंडी घालण्याजोगी जागा न मिळताच मरते. मे महिन्यातली कपाशी तिला आयती सोय करून देते. कोरडवाहूला 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच टोकण करा.

खताचा हिशेब गोण्यांत. कोरडवाहू बीटीला हेक्टरी 120:60:60 म्हणजे एकरी 48 किलो नत्र, 24 किलो स्फुरद, 24 किलो पालाश. 10:26:26 च्या 50 किलोच्या दोन गोण्या लागवडीच्या वेळी दिल्या की स्फुरद-पालाश पूर्ण होतं आणि 10 किलो नत्र मिळतं. उरलेलं 38 किलो नत्र म्हणजे साधारण 83 किलो युरिया, 45 किलोच्या दोन गोण्यांना थोडं कमी. तो 30 आणि 60 दिवसांनी विभागून द्या. साठ दिवसांनंतर युरियाचा मारा केला की पीक लुसलुशीत होतं, तुडतुडे वाढतात, नवीन पाते लागत राहतात आणि हंगाम लांबतो. बाजारातलं बियाणं बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया करूनच येतं, म्हणून पहिल्या महिन्यात रसशोषक किडींसाठी फवारणीची घाई नको. तिथे वाया गेलेल्या पैशांबरोबर मित्रकीटकही जातात.

पंचेचाळिसाव्या दिवशी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पाहणीसाठी एकरी दोन. आतली लूर (वासाची गोळी) गुलाबी अळीचीच, म्हणजे गॉसिप्ल्युर, असल्याची खात्री करा. दुकानातून हिरव्या अळीची लूर हाती पडली तर सापळा रिकामाच राहतो आणि आपण निश्चिंत बसतो. सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा, पीक वाढेल तसा वर सरकवा, लूर तीन-चार आठवड्यांनी बदला. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज सरासरी 8 पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं समजा.

फुलं पाहताना डोमकळी शोधा. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेलं, न उमललेलं फूल तोडून उघडलं की आत अळी मिळते. शंभरात दहा डोमकळ्या म्हणजे धोका. साठाव्या दिवसानंतर दर आठवड्याला एकरातून वेगवेगळ्या झाडांवरची, 10 ते 15 दिवसांची 20 हिरवी बोंडं फोडा. बाहेरून बोंड निरोगीच दिसतं, कारण अळी इवलीशी असताना आत शिरते आणि छिद्र बुजून जातं. लहान अळी पांढरी आणि काळ्या डोक्याची असते. गुलाबी रंग उशिरा येतो, म्हणून गुलाबी अळीच शोधणाऱ्याला ती दिसत नाही. वीसात दोन बोंडांत अळी मिळाली की फवारणी करा.

त्याआधी पाते लागताना 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, 200 ग्रॅम धुण्याची पावडर मिसळा, एकूण 100 लिटर करा, त्याच दिवशी संपवा. पातळी ओलांडल्यावर प्रोफेनोफॉस 50 ईसी 10 लिटर पाण्याला 20 ते 30 मिली, किंवा इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4 ग्रॅम. दोन्ही एकत्र करू नका, लागोपाठ एकाच गटातलं औषध वापरू नका. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं ऑक्टोबरअखेरपर्यंत टाळा, नाहीतर पांढरी माशी उसळते. प्रमाण 10 लिटरचं आणि पंप 16 लिटरचा असेल तर इमामेक्टिन 6.4 ग्रॅम लागेल. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, तिथे एकरी 76 ते 88 ग्रॅम धरून हिशेब करा.

2017 च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीची कपाशी, तोंडावर येणारा फवारा, औषधांची मिसळ, उघडं अंग: धोका असा वाढत जातो. म्हणून दाट, उंच कपाशीत खालून वर फवारू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनंही फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, तारही घालू नका, जुन्या टूथब्रशनं साफ करा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क, चष्मा. उपाशीपोटी आणि दुपारच्या उन्हात फवारणी नको. लाळ गळणं, घाम, मळमळ, थरथर, डोळ्यांची बाहुली आकसणं दिसलं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. दूध-तूप पाजून वेळ घालवू नका.

वेचणी संपवून जानेवारीच्या आत पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) काढा. फरदडीत, म्हणजे वेचणीनंतर पीक तसंच राखून, पाणी देऊन मिळालेल्या दोन-तीन क्विंटलांची किंमत पुढच्या जूनमध्ये गावभर चुकवावी लागते. अळी दोन सरक्या जोडून त्यांच्यात सुप्तावस्थेत जाते, म्हणून झाडावरची अर्धी उमललेली, किडकी बोंडं वेचून नष्ट करा. फवारणीला बरेच दिवस झाले असतील तर शेतात शेळ्या-मेंढ्या चरू द्या. पऱ्हाटीचा ढीग बांधावर रचू नका, श्रेडर (तुकडे करणारं यंत्र) फिरवून मातीत मिसळा. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आवारात आणि घरी साठवलेल्या कापसाच्या खोलीतही सापळे लावा. मार्च-एप्रिलमध्ये तिथले पतंग सापडले तर साठवलेला कापूस तेवढ्यातच विकून टाका आणि सांडलेली सरकी झाडून जाळा.