उंटाच्या पिल्लाला जंत झालेत वाटतंय? औषधाची बाटली नंतर, आधी लेंड्या तपासा

पिल्लू पातळ हगायला लागलं की लगेच जंताचं औषध पाजायची घाई करू नका. मी पण तेच करायचो, एकदा आयव्हरमेक्टिन दिलं आणि दहा दिवस वाट बघत बसलो, पिल्लू खंगतच गेलं, शेवटी लेंड्या तपासल्या तर निघाला कॉक्सिडिया. तो जंत नाहीच मुळी, एकपेशीय परजीवी आहे, जंताच्या औषधाने त्याला काहीही फरक पडत नाही.

सॅम्पल जमिनीवरून उचलू नका, मातीतल्या अळ्या त्यात मिसळतात. ग्लोव्ह घालून थेट गुदद्वारातून घ्या, मग तोच ग्लोव्ह उलटा करून हवा दाबून काढा आणि गाठ मारा, झाली पिशवी. बर्फासोबत ठेवा पण गोठवू नका, आणि 24 तासांच्या आत लॅबला पोचवा. तिथे आवर्जून सांगा की आयमेरिया कॅमेली (उंटातला कॉक्सिडिया) पण बघा, कारण त्याचे ऊसिस्ट, म्हणजे लेंडीतून बाहेर पडणारे अंड्यासारखे कोश, मोठे आणि जड असतात, तपासताना मिठाच्या पाण्यात नीट वर तरंगत नाहीत, साखरेचं घट्ट द्रावण लागतं. शिवाय आजार आधी दिसतो आणि ऊसिस्ट नंतर, त्यामुळे पहिला रिपोर्ट क्लीन आला तरी आठवड्याने परत तपासा.

हगवण नाही म्हणून निवांत पण राहू नका. हीमॉन्कस हा जंत आतड्यात नाही तर जठरात राहतो आणि रक्त पितो, लेंड्या अगदी छान गोल पडत असतात. अंगठ्याने खालची पापणी ओढून बघा, आतून लालसर गुलाबी पाहिजे, पांढरट दिसली किंवा जबड्याखाली मऊ सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

डोस वजनावर ठरतो आणि अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो, म्हणून पिल्लू काट्यावर चढवाच, कमी डोसने जंत मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. चाबूक जंत म्हणजे ट्रायचुरिस निघाला तर आयव्हरमेक्टिनवर भरवसा ठेवू नका, फेनबेंडाझोल सलग काही दिवस द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. पाजताना मान वर ताणायची नाही, औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडियासाठी सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन घालतात, ते उंटासाठी विष आहे, थोड्यानेही जनावर दगावतं. ते खाद्य पिल्लाच्या जवळपास सुद्धा ठेवू नका, फीड मिक्सर कॉमन असेल तर आधी नीट धुवा.

लेंड्या रोज उचला, चारा जमिनीवर टाकू नका, पाण्याची नांद गळत असेल तर दुरुस्त करा कारण ओल्या जागेत अळ्या जगतात. चाबूक जंताची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे पिल्लांची जागा मधून मधून बदला. औषध दिल्यावर 10 ते 14 दिवसांनी परत सॅम्पल पाठवा, तारीख आजच गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, नाहीतर पिल्लू उड्या मारायला लागलं की सगळेच विसरतात.