अक्रोमॅटिक वेव्हप्लेट वापरताना या चुका टाळा

वेव्हप्लेट म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या (ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या) दोन काटकोनी घटकांत कलांतर, म्हणजे लहरींच्या टप्प्यातला फरक, घालणारी स्फटिकाची चकती; अक्रोमॅटिक प्लेट हे कलांतर अनेक तरंगलांबींना जवळपास सारखेच ठेवते. ती वापरताना सर्वाधिक वेळ खाणारी चूक तरंगलांबीची असते. बेळगावातील आमच्या प्रयोगशाळेत ६३२.८ नॅनोमीटरच्या हेलियम-निऑन लेसरसाठी घेतलेली साधी क्वार्टर वेव्हप्लेट (९० अंशांचे कलांतर घालणारी) एकदा ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरपुढे बसवली गेली. कलांतर ९० ऐवजी सुमारे १०८ अंश पडले, प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित होण्याऐवजी लंबवर्तुळाकार झाला आणि विश्लेषक (प्लेटनंतरचा ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेची कंपने पुढे सोडणारी चकती) फिरवताना मीटरवरचे सर्वांत मोठे वाचन सर्वांत लहान वाचनाच्या जवळजवळ दुप्पट आले. विद्यार्थी मात्र तासभर ध्रुवकच तपासत राहिले.

अशा ठिकाणी अक्रोमॅटिक प्लेट हवी. तिच्यात क्वार्टझ आणि मॅग्नेशियम फ्लोराइड यांच्या चकत्या अक्ष काटकोनात ठेवून जोडलेल्या असतात, त्यामुळे तरंगलांबीनुसार एकीत होणारा बदल दुसरी बऱ्याच अंशी भरून काढते. पण हे ठरावीक पट्ट्यापुरतेच खरे आहे; दृश्य प्रकाशासाठीची प्लेट १०६४ नॅनोमीटरला चालेल, असे गृहीत धरू नये.

एस. पंचरत्नम यांनी १९५५ साली, आपल्याच राज्यातल्या बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, एकाच पदार्थाच्या तीन चकत्या वेगवेगळ्या कोनांत ठेवून हा परिणाम साधला होता, आणि इथल्या प्रत्येक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. तशा रचनेत शीघ्र अक्षाची (ज्या दिशेत कंप पावणारा प्रकाश प्लेटमधून अधिक वेगाने जातो तिची) दिशाही तरंगलांबीबरोबर किंचित सरकते, म्हणून लाल प्रकाशात केलेली अक्षाची खूण हिरव्या प्रकाशात पुन्हा तपासावी.

दुसरी चूक हाताची आहे. काटकोनातल्या दोन ध्रुवकांमध्ये प्लेट ठेवून तिचा अक्ष पहिल्या ध्रुवकाशी जुळवला, की पडदा काळा व्हायला हवा. आमच्याकडे एका कडेला उजळ डाग उरत होता. माउंटचा स्क्रू पाव फेरा सैल करताच तो मावळला. दाबामुळे काचेत आणि स्फटिकात नको असलेले द्विअपवर्तन (कंपनाच्या दिशेनुसार प्रकाशाचा वेग वेगळा असणे) निर्माण होते, म्हणून प्लेट हलणार नाही इतकेच आवळावे.

प्लेट तिरपी असेल किंवा लेन्समधून एकवटणाऱ्या किरणांत ठेवली असेल, तरीही कलांतर बदलते. परावर्तित ठिपका लेसरच्या तोंडाजवळ परत येतो का ते पाहावे. वर्तुळाकार प्रकाशाच्या वाटेत धातूचा आरसा तिरपा असल्यास तोही कलांतर घालतो, तेव्हा शक्य असेल तर प्लेट आरशांनंतर, नमुन्याच्या अगदी आधी बसवावी. खानापूरकडच्या लांबलेल्या पावसाळ्यात प्लेट सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी, कारण दमट हवेत प्लेटच्या पृष्ठभागावरच्या पातळ लेपावर बुरशी धरते आणि ती पुसताना लेपावर ओरखडे पडतात.